हमीभाव खरेदी केंद्र : दोन हंगामांचा अनुभव आणि दिल्लीतील दोन अधिसूचना

लातूर जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या हमीभाव खरेदी केंद्रावर मी लागोपाठ दोन हंगाम सोयाबीन घातले. हॉटेलांविषयी, मोबाइलविषयी, ट्रॅक्टरविषयी लोक सविस्तर अभिप्राय लिहितात. पण ज्या सेवेवर मराठवाड्यातील लाखो कुटुंबांचे वर्षाचे गणित उभे असते, तिच्याविषयी आपण कट्ट्यावर बसून बोलतो आणि तिथेच सोडून देतो. म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे. केंद्राचे आणि ते चालवणाऱ्या संस्थेचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण तेथे ज्या अडचणी आल्या त्यांतील निम्म्या त्या संस्थेच्या हातातील नाहीत. त्या देशाच्या वित्तमंत्र्यांच्या हातातील आहेत, असे माझे मत दोन हंगामांच्या अनुभवानंतर बनले आहे आणि ते मी येथे कारणांसह मांडणार आहे.

माझे सहा एकर सोयाबीन असते. 2024 च्या खरिपात बेचाळीस क्विंटल माल झाला. त्या वर्षीचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बनीम (कापलेल्या पिकाचा ढीग) मोडून रास झाली त्या आठवड्यात मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीच्या बाजारात, सौदा निघत होता चार हजार एकशे ते चार हजार दोनशेच्या दरम्यान. नोंदणीसाठी सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद, आधार आणि बँकेचे पासबुक लागले. ई-पीक पाहणी मी स्वतः मोबाइलवरून वेळेत केली होती, त्यामुळे नोंदणी एका फेरीत झाली. माझ्या शेजारच्या चुलत्यांच्या सातबाऱ्यावर मात्र सोयाबीनऐवजी आधीच्या वर्षीची तूर दिसत होती आणि ती दुरुस्त होईपर्यंत त्यांचा नंबर दोनशेने मागे गेला. नोंदणीच्या टेबलावरील मुले समजूतदार होती. म्हाताऱ्या माणसांना ती खुर्ची देत होती आणि कागद नीट तपासून घेत होती. हे आवर्जून नोंदवतो.

खरी अडचण ओलाव्याची. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी नमुना घेऊन गेलो, तेव्हा यंत्रावर 13.8 आकडा आला. अट बारा टक्क्यांची. यंत्र लावणाऱ्या मुलाने आकडा मला वाचायला लावला आणि म्हणाला, "काका, आणखी चार उन्हं दाखवा मालाला. मी घेतला तरी पुढं गोदामात तो परत येईल अन् तुमचाच खर्च वाढंल." त्याचे बोलणे खरे होते. पण चार उन्हे दाखवायला अंगण लागते, ताडपत्री लागते, राखणीला माणूस लागतो आणि मुख्य म्हणजे थांबण्याची ऐपत लागते. हरभऱ्याची पेरणी तोंडावर होती. बियाणे, डीएपी आणि मजुरी यांसाठी पैसा त्याच आठवड्यात हवा होता. मोंढ्यात ओला माल परत जात नाही, ओलाव्यापोटी दर कमी करून का होईना तो घेतला जातो आणि विक्रीच्या पैशांची पट्टी हातात पडते. मी चौदा क्विंटल सोयाबीन 4,150 रुपयांनी मोंढ्यात घातले. हमीभावापेक्षा क्विंटलमागे 742 रुपये कमी, म्हणजे चौदा क्विंटलला 10,388 रुपये. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, विधानसभेच्या मतदानाच्या काही दिवस आधी, केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ओलाव्याची मर्यादा पंधरा टक्क्यांपर्यंत वाढवली. माझा 13.8 टक्क्यांचा माल त्या सवलतीत सहज बसला असता. हीच सवलत ऑक्टोबरमध्ये, रास होत असताना का देता आली नाही, याचे उत्तर मला कोणाकडूनही मिळालेले नाही.

उरलेल्या अठ्ठावीस क्विंटलसाठी संदेश आला तो डिसेंबरच्या अखेरीस. टेम्पो भरून नेला तर बारदाना संपलेला. रात्र टेम्पोत काढली, त्याचे थांबण्याचे भाडे पंधराशे रुपये गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामी पोती आल्यावर काटा सुरू झाला. काट्याविषयी मात्र माझी कसलीच तक्रार नाही. प्रत्येक पोत्याचे वजन समोर दिसत होते, आडत (दलाली) नव्हती, नमुन्याच्या नावाखाली ओंजळभर धान्य कोणी बाजूला काढून घेतले नाही आणि दर पूर्ण मिळाला. पैसे तेविसाव्या दिवशी थेट खात्यात जमा झाले. तेवीस दिवस हा लहान काळ नाही, तरीही पैसे एकरकमी आणि कोणापुढे हात न पसरता आले, ही गोष्ट मोंढ्यातील उचल घेऊन वर्षभर बांधले जाणारे आमच्याकडील शेतकरी चांगले ओळखतात.

त्यामुळे केंद्राच्या आतील सेवा मला बरी वाटली. रांग लांब होती, पण ती लांब होण्याचे कारण केंद्रात नव्हते. बाजारभाव हमीभावाच्या जवळपास असता, तर निम्मे टेम्पो मोंढ्याकडे वळले असते. शिवाय या सेवेची क्षमता मुळातच मर्यादित ठेवलेली आहे. केंद्र सरकारच्या किंमत समर्थन योजनेखाली होणारी सोयाबीनची सरकारी खरेदी देशातील उत्पादनाच्या पंचवीस टक्क्यांच्या मर्यादेत करायची असते. म्हणजे सगळी केंद्रे उत्तम चालली, बारदाना कधीच संपला नाही आणि प्रत्येकाचा ओलावा बाराच्या आत आला, तरीसुद्धा चारपैकी तीन पोती बाजाराच्या दरानेच जाणार आहेत. त्या तीन पोत्यांचा दर कशाने ठरतो, हा प्रश्न केंद्राच्या खिडकीवर विचारून उपयोगाचा नाही. तो अर्थखात्याला विचारावा लागतो, कारण बाहेरचे तेल स्वस्त आले की तेल काढण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या सोयाबीनचा दरही दबतो आणि देशात येणाऱ्या खाद्यतेलावर किती सीमाशुल्क घ्यायचे हे त्या खात्याच्या अधिसूचनेने ठरते. त्यासाठी संसदेत आधी चर्चा व्हावी लागत नाही.

निर्मला सीतारामन 2019 च्या मे अखेरीपासून देशाच्या वित्तमंत्री आहेत आणि 1 फेब्रुवारी 2025 रोजी त्यांनी सलग आठवा अर्थसंकल्प मांडला. त्यांच्या कार्यकाळात, ऑक्टोबर 2021 पासून जवळपास तीन वर्षे, कच्च्या पामतेलावर, सोयाबीन तेलावर आणि सूर्यफूल तेलावर मूळ सीमाशुल्क शून्य होते. केवळ पाच टक्क्यांच्या आसपास कृषी पायाभूत सुविधा उपकर आणि त्यावरचा अधिभार लागत असे. सप्टेंबर 2024 मध्ये मूळ शुल्क वीस टक्के झाले. वीस आणि उपकराचे पाच असे पंचवीस, त्यावर दहा टक्के सामाजिक कल्याण अधिभार अडीच टक्क्यांचा, असे एकूण साडेसत्तावीस टक्के. निर्णय योग्य होता. तो शेतकऱ्यांची मागणी मान्य करणारा होता आणि मीही त्या वेळी त्याचे स्वागत केले होते. निवडणुकीच्या सभांमधून सोयाबीनला सहा हजार, सात हजार असे आकडे ऐकू येत होते, तोच हा काळ.

पुढच्या मे महिन्यात जे घडले त्याने माझा या धोरणावरील विश्वास उडाला. 28 मे 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने खरिपाचे हमीभाव जाहीर केले आणि सोयाबीनचा भाव 436 रुपयांनी वाढवून 5,328 रुपये केला. आमच्या गावात त्या दिवशी चर्चा झाली, काहींनी कापूस कमी करून सोयाबीन वाढवायचे ठरवले. त्यानंतर दोनच दिवसांनी, 30 मे रोजी, अर्थखात्याने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ शुल्क वीसवरून दहा टक्के केले. एकूण भार साडेसत्तावीसवरून साडेसोळा टक्क्यांवर आला. एका हाताने मंत्रिमंडळाने कागदावरील भाव वाढवला आणि दुसऱ्या हाताने त्याच सरकारच्या वित्तमंत्र्यांनी बाजारातील भावाचा आधार काढून घेतला. मृगाच्या तोंडावर, शेतकरी बियाण्याची पिशवी विकत घेत असताना हे घडले. हे दोन निर्णय घेणाऱ्यांनी एकमेकांशी बोलून घेतले नसेल, तर तो कारभारातील गंभीर दोष आहे. आणि बोलून घेतले असेल, तर त्याचा अर्थ याहून वाईट निघतो.

सरकारची बाजूही येथे मांडली पाहिजे. भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो आणि तेलाचा डबा महागला की त्याची झळ लातूरच्या झोपडपट्टीतील बाईलाही बसते, केवळ मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला नव्हे. शुद्ध केलेल्या तेलावरील शुल्क तसेच ठेवून कच्च्या तेलावरचे कमी केल्यामुळे देशातील रिफायनऱ्यांना काम मिळेल, हेही कारण दिले गेले आणि ते खोटे नाही. शिवाय सोयाबीनच्या दाण्यात तेल जेमतेम अठरा टक्क्यांच्या आसपास असते; उरलेला मोठा भाग पेंडेचा. इथेनॉलसाठी मका आणि तांदूळ वापरल्यानंतर जे डीडीजीएस नावाचे स्वस्त पशुखाद्य उरते, त्याने सोयापेंडेचा बाजार खाल्ला आहे आणि ब्राझीलच्या मोठ्या पिकांमुळे जागतिक दरही दबलेले आहेत. म्हणूनच सप्टेंबर 2024 मध्ये शुल्क वाढवूनही मोंढ्यातील दर हमीभावापर्यंत चढला नव्हता. एकट्या सीमाशुल्काने सोयाबीन पडले, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

परंतु दर आधीच इतक्या बाजूंनी दाबलेला असताना वित्तमंत्र्यांच्या हाती जो एक आधार होता, तो त्यांनी काढून घेतला, हा माझा आक्षेप आहे. ग्राहकाला दिलासा द्यायचा तर तो तिजोरीतून देता येतो. रेशनवर तेल देता येते, गरीब कुटुंबाला थेट साहाय्य देता येते. त्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद करावी लागते आणि ती सर्वांना दिसते. शुल्क कमी करून दिलेला दिलासा मात्र शेतकऱ्याच्या पट्टीतून वळता होतो आणि अर्थसंकल्पाच्या कोणत्याही पानावर त्याची नोंद होत नाही. माझे 10,388 रुपये कोणत्याही हिशेबात दिसणार नाहीत.

वायदेबाजाराचीही, म्हणजे पुढच्या महिन्यांतील दराचे सौदे जिथे आज होतात त्या बाजाराचीही, तीच गोष्ट. 20 डिसेंबर 2021 रोजी या बाजाराची नियामक संस्था सेबीने सोयाबीन, हरभरा, मोहरी, गहू, मूग यांसह काही शेतमालांचे वायदे स्थगित केले आणि ती मुदत नंतर पुन्हा पुन्हा वाढवली गेली. त्या वर्षी उन्हाळ्यानंतर सोयाबीन दहा हजारांच्या आसपास पोहोचले होते, म्हणजे आपल्याला भाव मिळू लागताच दार बंद झाले. वायद्यांमुळे दर चढतात की नाही यावर जाणकारांत मतभेद आहेत. पण आमच्या भागातील शेतकरी उत्पादक कंपन्या आणि गोदाम चालवणारी मंडळी पुढच्या तीन महिन्यांचा दर पाहून माल ठेवायचा की विकायचा हे ठरवू शकत होती, ती सोय गेली. येथे वित्तमंत्र्यांवरील टीका मला वेगळी करावी लागत नाही. 2023-24 चा आर्थिक पाहणी अहवाल त्यांनीच जुलै 2024 मध्ये संसदेत ठेवला आणि त्यात दर वाढण्याच्या पहिल्या खुणेबरोबर शेतमालाचे वायदे बंद करू नयेत, असा सल्ला स्पष्ट दिलेला आहे. सल्ला त्यांच्याच मंत्रालयातील मुख्य आर्थिक सल्लागारांच्या कार्यालयाचा होता. त्यानंतरही स्थगिती वाढली. स्वतःच्या घरचा सल्ला का मानला गेला नाही, हे त्यांनी एकदा तरी सांगायला हवे होते.

ऑक्टोबर 2025 ची किरकोळ महागाई 0.25 टक्के आली आणि खाद्यपदार्थांची महागाई उणे 5.02 टक्के. महागाई आटोक्यात आणली म्हणून या आकड्यांचे कौतुक झाले. त्याच महिन्यात आमच्या भागातील माणूस पावसाने काळे पडलेले सोयाबीन कसेबसे मोंढ्यावर नेत होता. अन्नाच्या किमती उणे झाल्या, याचा अर्थ अन्न पिकवणाऱ्याच्या हाती गेल्या वर्षीपेक्षा कमी पडले. त्याच वर्षात खत, मजुरी, मळणीयंत्राचे भाडे यांपैकी काहीही उणे झालेले नाही. ज्या जिल्ह्यांत बाजारपेठेचे सगळे व्यवहार, कापडदुकानापासून मोटारसायकलच्या शोरूमपर्यंत, सोयाबीन आणि कापसाच्या पैशावर फिरतात, तेथे हा आकडा मंदीची बातमी म्हणून वाचावा लागतो. अर्थव्यवस्था चालवणाऱ्या व्यक्तीने तो तसा वाचला नाही, असे मला वाटते.

कापसाचे आणि तुरीचे थोडक्यात सांगतो. कापसावरील अकरा टक्क्यांचे आयातशुल्क सीतारामन यांनीच 2021 च्या अर्थसंकल्पात लावले होते. ऑगस्ट 2025 मध्ये, अमेरिकेने भारतीय मालावर जबर शुल्क लावल्यानंतर कापडउद्योगाला आधार म्हणून ते उठवले गेले, आधी 30 सप्टेंबरपर्यंत आणि नंतर 31 डिसेंबरपर्यंत. जालना, परभणी आणि बीडकडचा कापूस याच तिमाहीत बाजारात येतो. कापडगिरण्या अडचणीत होत्या हे खरे, पण त्यांना वाचवण्याचा भार वेचणी सुरू होत असलेल्या शेतकऱ्यावर टाकण्याचे कारण नव्हते. तुरीबाबत तर 2025-26 च्या अर्थसंकल्पात कडधान्यांच्या आत्मनिर्भरतेसाठी सहा वर्षांचे अभियान जाहीर झाले आणि तुरीची शुल्कमुक्त आयात त्याच सुमारास मार्च 2026 पर्यंत चालू ठेवण्यात आली. लातूरच्या डाळमिलवाल्यांना आयात तूर सोयीची असेल. पण त्यांच्या गिरण्यांपासून वीस किलोमीटरवर तूर पेरणाऱ्याने यातील कोणत्या घोषणेवर विसंबून पेरणी करायची?

चांगल्या गोष्टीही नोंदवतो. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टर आणि ठिबक-तुषार संचांवरील जीएसटी बारावरून पाच टक्के झाला. ठिबक घेतलेल्या माझ्या भाच्याला त्याचा फरक पडला. रासायनिक कीटकनाशकांवर मात्र अठरा टक्के तसेच राहिले आणि शेतमाल करमुक्त असल्यामुळे शेतकऱ्याला त्या कराची वजावट मिळत नाही. कारखानदाराला जी वजावट मिळते ती फवारणीचे औषध घेणाऱ्याला नाही, ही त्रुटी सुधारण्याची संधी जीएसटी परिषदेच्या त्याच बैठकीत होती. वर्षाला सहा हजार रुपयांचा किसान सन्मान निधी 2019 मध्ये जेवढा होता, तेवढाच आज आहे.

आता 2025 च्या हंगामातील केंद्राविषयी. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत माझ्या चार एकरांत पाणी साचून राहिले. सहा एकरांत मिळून सतरा क्विंटल माल निघाला, त्यातील अकरा क्विंटल डागी, म्हणजे पावसाने डाग पडलेला. या वेळी नोंदणीला अंगठा द्यावा लागला. माझ्या आईच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्या आहेत, तिच्या नावावरील सातबाऱ्यासाठी तीन वेळा जावे लागले. केंद्रावर सहा क्विंटल चांगला माल 5,328 रुपयांनी घेतला गेला आणि डागी माल निकषात बसत नाही म्हणून परत आला. ग्रेडरने चाळणी लावून, दाणे हातावर घेऊन, समजावून सांगितले. त्याच्याशी मी वाद घातला नाही. मोंढ्यात त्याच मालाला 3,300 रुपये दर सांगितला गेला. हमीभावाची सेवा चांगल्या वर्षी चांगल्या मालासाठी उभारलेली आहे. वाईट वर्षी, जेव्हा तिची सर्वांत जास्त गरज असते, तेव्हा ती दारातूनच परत पाठवते. मध्य प्रदेशाने त्या वर्षी सोयाबीनसाठी भावांतराचा, म्हणजे बाजारभाव आणि हमीभाव यांतील फरक खात्यात देण्याचा मार्ग धरला. त्यातही दोष असतील, पण निदान बारदाना आणि टेम्पोच्या रांगेत त्या शेतकऱ्याचे दिवस जात नाहीत.

ज्यांना केंद्रावर माल घालायचा आहे त्यांनी ई-पीक पाहणीची नोंद सातबाऱ्यावर उमटली की नाही हे रास होण्याआधी तपासावे, घरून निघण्यापूर्वी कोणाकडच्या तरी यंत्रावर ओलावा पाहावा, बारदाना आला आहे का हे फोन करून विचारावे आणि डागी माल चाळून वेगळा ठेवावा, नाहीतर चांगल्याबरोबर तोही परत येतो. हरभऱ्याच्या खर्चापुरते पैसे दुसरीकडून उभे करता आले तर जरूर करावेत, कारण नोव्हेंबरमधील घाईच सर्वांत महाग पडते. बारदान्याचा आगाऊ साठा आणि अंगठा न उमटणाऱ्या वृद्धांसाठी दुसरी पद्धत, या दोन गोष्टी केंद्राने स्वतःच्या अखत्यारीत करून घ्याव्यात, असे मी तेथील व्यवस्थापकांना लेखी दिले आहे आणि त्यांनी ते पत्र शिक्का मारून घेतले.

अकरा क्विंटल डागी सोयाबीन अजून माझ्या पडवीत आहे. पुढच्या खरिपाची पेरणी ठरवताना मी हमीभावाच्या घोषणेनंतर निदान आठवडाभर थांबणार आहे आणि त्या आठवड्यात सीमाशुल्काची कोणती अधिसूचना निघते ते पाहून मगच बियाण्याची पिशवी उचलणार आहे.